संन्यासी उंबऱ्याबाहेरच बसतो

फळ्यावर मी ‘ताईस’ असे नाव लिहिले आणि वर्ग हसला. हसणे साहजिकच होते. मराठी कानाला ‘ताईस’ म्हणजे ताईला. जुन्या पत्रांत ‘चि. ताईस अनेक आशीर्वाद’ लिहीत, त्यातलेच ते. फ्रेंच लोक या नावाचा उच्चार असाच करतात हे मी पटवून देऊ लागले, पण मागच्या बाकावरून कोणीतरी ‘ताईस नमस्कार सांगा’ म्हणाले आणि मी हात टेकले. शेवटी सर्वानुमते ‘थाईस’ ठरले. वाचकांनीही तेच चालवून घ्यावे.

ही थाईस म्हणजे चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रिया नगरीची गणिका आणि नटी. ख्रिस्ती संतकथा सांगतात की, वाळवंटातल्या एका तपस्व्याच्या उपदेशाने तिने आपली सारी संपत्ती जाळली, ती मठात गेली आणि पुढे संत म्हणून पूजली गेली. दहाव्या शतकात जर्मनीतल्या गांडर्सहाइमच्या मठात राहणाऱ्या ह्रोट्सविथा नावाच्या विदुषीने या कथेवर लॅटिनमध्ये नाटक लिहिले. १८९० मध्ये आनातोल फ्रान्सने तिची कादंबरी केली आणि १८९४ मध्ये झ्यूल मास्ने या संगीतकाराने ऑपेरा. त्या ऑपेराची ही हकीकत आहे. आणि तिला लागून माझीही थोडी आहे, ती ओघाने येईल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने परभाषेतल्या एका नाट्यकृतीची ओळख करून देण्याचे ठरवले आणि काम माझ्याकडे आले. मी ‘थाईस’ निवडली. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी बाजूला घेऊन विचारले, “बाई, धर्माचा विषय कशाला? दिवस कसे आहेत ते पाहता ना?” मी म्हटले, “सर, यात धर्म आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. एक माणूस आहे.” त्यांचे समाधान झाले नाही, माझेही, खरे सांगायचे तर, पुरते झाले नव्हते.

योजना साधी होती. कथा मी सांगायची, मुख्य प्रवेश एका मुलाने आणि एका मुलीने मराठी गद्यात करायचे आणि संगीत ध्वनिमुद्रणावरून ऐकवायचे. पन्नास-साठ खुर्च्या, एक पडदा, दोन दिवे. पण ज्याने कॉलेजच्या हॉलमध्ये तासाभराचा कार्यक्रम बसवला आहे त्याला ठाऊक आहे की, पॅरिसच्या राजेशाही नाट्यगृहात जे प्रश्न पडतात तेच तिथेही पडतात. फक्त तिथे ते सोडवायला माणसे जास्त असतात.

ऑपेरा म्हटले की आपल्याकडे ‘म्हणजे संगीत नाटकच ना?’ असे विचारतात. नात्याने जवळचे, पण घर वेगळे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून आपले पात्र आधी बोलते, मग गाते, रसिकाने वन्समोअर दिला तर पुन्हा गाते आणि मग कथा जिथे थांबली होती तिथून पुढे चालते. ऑपेरात बहुधा बोलणे नसतेच. पत्र वाचायचे तरी गाऊनच, मरायचे तरी गाऊनच. आणि पात्र गप्प असते तेव्हा वाद्यवृंद त्याच्या मनातले सांगत असतो. ‘थाईस’मध्ये या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे.

आता कथा. नाईल नदीकाठी वाळवंटात काही तपस्वी झोपड्या बांधून राहतात. त्यांच्यात अथानाएल हा सर्वांत उग्र. तो अलेक्झांड्रियाहून परतला आहे तो संतापूनच. तिथे थाईस नावाच्या बाईने सारे शहर नासवले आहे म्हणे. वृद्ध गुरू पालेमों त्याला सांगतात, की बाबा, जगातल्या लोकांच्या भानगडीत आपण पडू नये. म्हातारा दोन-चार वाक्येच बोलतो, पण सबंध नाटकात शहाणा माणूस तो एकटा. अथानाएल ऐकत नाही. तो एक कबुलीही देऊन जातो : तपाला लागण्यापूर्वी, अगदी कोवळ्या वयात, आपण तिच्या दारापर्यंत गेलो होतो आणि उंबऱ्याशी थांबलो. देवाने वाचवले, असे तो म्हणतो. त्या रात्री त्याला स्वप्नात थाईस रंगमंचावर दिसते. जागा होतो तो तिचा उद्धार करण्याची आज्ञाच मिळाल्यासारखा.

शहरात त्याचा जुना मित्र निसियास आहे. रंगेल, श्रीमंत, पण मनाने वाईट नाही. थाईसच्या एका आठवड्याच्या सहवासासाठी त्याने द्राक्षांचे मळे विकले, उरलीसुरली जमीन आणि गिरणीही विकली आणि आज तो आठवडा संपतो आहे. तो संन्याशाला हसतो, पण घरात घेतो, अंगावर घालायला भारी वस्त्रे देतो. निसियासच्या दासी अथानाएलला सजवताना खुदुखुदू हसतात, तो प्रवेश पाहण्यासारखा आहे.

नंतर थाईसचे घर. मेजवानी आटोपून ती एकटी आहे. माणसांचा, गर्दीचा, स्वतःचाही तिला उबग आला आहे. ती आरशापुढे बसते आणि तू सुंदर आहेस, कायम सुंदर राहशील, असे मला सांग म्हणून आरशाला विनवते. अथानाएल येतो, अनंतकाळच्या जीवनाविषयी बोलतो. ती घाबरते, हसते, रडते आणि अखेरीस उसळून म्हणते की, मी आहे ती थाईसच राहणार, मला तुझा देव नको. तो सांगतो, मी तुझ्या उंबऱ्यावर उजाडेपर्यंत वाट पाहीन. आणि बाहेर जातो.

पडदा पडतो. व्हायोलिन सुरू होते.

सुमारे पाच मिनिटे. एकच व्हायोलिन पुढे, मागे हार्पचे झंकार, शेवटी पडद्याआडून समूहाचा ओठ मिटलेला गुंजारव. मास्नेने या भागाला ‘ध्यान’ या अर्थाचे ‘मेदितासियों’ असे नाव दिले. ऑपेराच्या वाटेला न जाणाऱ्या माणसांनीही हा तुकडा ऐकलेला असतो. लग्नसमारंभात आणि मैफलींत तो इतक्या वेळा वाजला आहे की तो कुठल्या नाटकातला हे लोक विसरूनच गेले. पडदा उघडतो तेव्हा पहाट व्हायची आहे. थाईस घराबाहेर येते, उंबऱ्यावर निजलेल्या संन्याशाला उठवते आणि सांगते : चल, मी तयार आहे.

इथे आमच्या थाईसने मला अडवले. एस.वाय.ची मुलगी, बोलायला कमी. ती म्हणाली, “मॅडम, आधीच्या प्रवेशात ती नाही म्हणाली. या प्रवेशात हो म्हणते. मधे झालं काय?”

मी म्हटले, “मधे व्हायोलिन आहे.”

“ते कळलं. पण मला चेहरा कसला करायचा?”

याचे उत्तर शोधायला मी पुन्हा कादंबरी काढली. आनातोल फ्रान्स हा संशयात्मा, धर्मवेडाचा उपहास करण्यात हयात घालवलेला. त्याला १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी रोमने त्याचे समग्र लेखन निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले. (दोन्ही मान तो पचवू शकला असता.) त्याच्या कादंबरीत थाईसच्या बदलाला कारण आहे. लहानपणी आईबापांच्या खानावळीत मार खाणाऱ्या या पोरीवर अहमेस नावाच्या न्यूबियन गुलामाने माया केली, तिला चोरून नेऊन बाप्तिस्मा दिला. पुढे त्याला क्रुसावर चढवले. ती माया तिच्या मनाच्या तळाशी राहिली होती. संन्याशाने फक्त वरची राख फुंकली.

ऑपेराची संहिता लिहिणाऱ्या लुई गालेने हा अहमेस काढून टाकला. रुग्णालयाच्या कारभारात नोकरी करून फावल्या वेळात ऑपेरे लिहिणारा हा गृहस्थ. त्याला काटछाट करणे भागच होते. कादंबरीतली तत्त्वज्ञांची लांबलचक मेजवानी गेली. संन्यासी तपासाठी उंच खांबावर चढून बसतो, तो भाग गेला. संन्याशाचे नावही बदलले. मूळचा ‘पाफ्न्यूस’ गाऊन पाहा म्हणजे कारण कळेल. पण अहमेस गेल्याने एक विलक्षण गोष्ट झाली. थाईसच्या मनात काय घडले हे सांगणारा साक्षीदारच उरला नाही. त्या रिकाम्या जागी मास्नेने व्हायोलिन ठेवले आणि वर पडदा टाकला. शब्द नाहीत, नटी समोर नाही. आणि संन्यासी कुठे आहे? बाहेर. उंबऱ्यावर. झोपलेला.

हे मला आधी दिसले नव्हते. ज्या उद्धाराचे श्रेय अथानाएल घेऊन मिरवणार आहे, तो घडला तेव्हा तो तिथे नव्हताच. तरुणपणी याच उंबऱ्याशी थांबला होता, आताही तिथेच थांबला आहे.

मी त्या मुलीला म्हटले, “तुला चेहरा करायचाच नाही. पडदा पाडून ठेवू. तू बाहेर येशील तेव्हा तोंड धुऊन आल्यासारखी ये.” तिला ते पटले.

आता रंगभूमीचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्यात गंमत आहे. मास्ने हा त्या काळचा लोकप्रिय संगीतकार. ‘मानों’ने १८८४ साली त्याला कीर्ती दिली होती. ‘थाईस’ त्याने सिबिल सँडरसन या अमेरिकन गायिकेसाठी लिहिली. ही कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची मुलगी. आवाज उंच चढणारा, रूप त्याहून. काम आधी ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहासाठी योजले होते, पण बाईंनी करार केला पॅरिसच्या मोठ्या ऑपेराशी. मग नाटकही त्यांच्यामागून तिकडे गेले आणि तिथल्या प्रथेप्रमाणे त्यात नृत्यनाट्य घालणे आले. १६ मार्च १८९४ रोजी पहिला प्रयोग झाला. निसियासच्या घरच्या प्रवेशाअखेर बाईंच्या पोशाखाचा बंद सुटला आणि प्रेक्षकांना अपेक्षेपेक्षा जास्त पाहायला मिळाले. अपघात की योजना, याची पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी मनसोक्त चर्चा केली. त्या काळी आपल्या संगीत रंगभूमीवर नायिकेची भूमिका पुरुषच करीत, म्हणून निदान ही चिंता आपल्याला नव्हती.

पण हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. देहाच्या मोहाविरुद्ध गर्जना करणारे नाटक, आणि तिकिटे खपतात ती देहाच्या दर्शनावर. ‘थाईस’ रंगभूमीवर आणणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच तेव्हापासून उभा आहे. मेरी गार्डन या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या गायिकेने नोव्हेंबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन ऑपेरा हाउसमध्ये अमेरिकेतले पदार्पण याच भूमिकेतून केले आणि १९१७ मध्ये तिने ‘थाईस’चा मूकपटही केला. गाण्याची नायिका आणि गाणेच नाही! म्हणजे पाहायला काय उरले ते सांगायला नको.

मास्नेला मात्र आपल्या नाटकातली उणीव कळली होती असे मला वाटते. १८९८ मध्ये त्याने ते दुरुस्त केले. अथानाएलला छळणाऱ्या मोहांचे मोठे नृत्यनाट्य त्याने काढले आणि तिथे एक छोटा प्रवेश घातला : वाळवंटातली हिरवळ. माझ्या मते सबंध ऑपेराचा जीव या प्रवेशात आहे आणि तो मूळ प्रयोगात नव्हता हे नवलच.

अथानाएल थाईसला चालवत मठाकडे नेतो आहे. ऊन आग ओकते आहे. ती थकली आहे, पुढे पाऊल पडत नाही. तो म्हणतो, चाल. हा देह पापी आहे, त्याला शिक्षा कर. ती तक्रारही करीत नाही. आणि मग त्याची नजर तिच्या पायांकडे जाते. पायांतून रक्त येते आहे. एका क्षणात तो विरघळतो, तिच्या पायाशी बसतो, ते पाय चुंबतो, तिला बहीण म्हणतो, पाणी आणि फळे आणायला धावतो. पुढे मठाची आल्बीन माता येते, थाईसला आत घेते. थाईस निरोप घेते तो कायमचाच. ती आत गेल्यावर त्याच्या ध्यानात येते की, आता ही आपल्याला कधीच दिसणार नाही.

तालमीत आमचा अथानाएल पहिल्या दिवसापासून डोळे वटारीत होता. मीच त्याला तसे सांगितले होते. धर्मवेडा माणूस म्हणजे वटारलेले डोळे, असे मी धरून चालले होते. पेटीवर साथ करायला येणारे गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे, एकदा न राहवून म्हणाले, “बाई, हा पोरगा पहिल्याच वाक्याला खलनायक झाला. आता तासभर करणार काय? लोक हसतील आणि घरी जातील.” आणि खरेच, रंगीत तालमीला बसलेल्या मुलांनी त्याच्या पहिल्या गर्जनेला हशा दिला. दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितले, तू तिच्यावर ओरडायचे नाही. तुला तिची मनापासून काळजी वाटते. तू खरा आहेस. तुझे प्रत्येक वाक्य तुला खरे वाटते, म्हणून तर तू भयंकर आहेस.

त्याने आवाज खाली आणला आणि हॉलमध्ये कोणी हसेना. थाईस घर सोडताना हस्तिदंती मदनाची एक छोटी मूर्ती तेवढी बरोबर नेऊ देण्याची विनंती करते. अथानाएल आधी शांतपणे विचारतो, ही कोणी दिली? निसियासने, असे कळताच तो ती आपटून फोडतो. हे वाक्य आमचा मुलगा इतक्या हळू बोलला की माझ्याच अंगावर काटा आला. हा धर्म नव्हे, मत्सर आहे, हे सगळ्यांना कळले. कळले नाही ते फक्त अथानाएलला. आनातोल फ्रान्स त्याला हसतो. मास्ने हसत नाही. त्याने या भूमिकेला खोल पुरुषी आवाज दिला, गाणी दिली, एकटेपणही दिले. प्रेमिकाचा चढा आवाज निसियासला मिळाला आहे. संन्यासी आपल्याला प्रेमिक समजत नाही, मग संगीतकाराने तरी त्याला तसा आवाज का द्यावा?

याच दिवसांत मला त्या मुलाकडे पाहताना अस्वस्थ वाटू लागले होते. त्याचे कारण आता सांगते.

पंधराएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी शिकवत असताना माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरची ओढग्रस्त. रात्री एका ऑर्केस्ट्रात गायची आणि सकाळच्या तासाला पेंगायची. आवाज असा की काय सांगावे. अभ्यासातही हुशार. मी तिच्या मागे लागले. हे गाणे तुझ्या जोगे नाही, रात्री-अपरात्री कुठल्या कुठल्या लोकांपुढे उभी राहतेस, बी.एड. कर, मास्तरीण हो. पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. स्पष्ट म्हणाली, मॅडम, तुम्हाला काय माहीत? मी सोडले नाही. तिच्या घरी गेले, फी भरली, पुस्तके दिली. एके दिवशी ती आपण होऊन आली आणि म्हणाली, चला, फॉर्म भरू. आज ती एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दर दिवाळीला तिचे भेटकार्ड येत असे, अलीकडे फोनवर शुभेच्छा येतात. मी ही गोष्ट अनेकांना सांगितली होती. सांगताना मला फार बरे वाटे.

आणि त्या मुलीचा आवाज ऐकू यावा अशी मला इतक्या वर्षांत किती वेळा हुरहुर लागली, ते मी कोणालाच सांगितले नव्हते.

असो. गणिका आणि विरागी यांची गाठ आपल्या वाङ्मयाला नवी नाही. वासवदत्ता आणि उपगुप्त यांची बौद्ध कथा रवींद्रनाथांनी कवितेत आणली. प्रेमचंदांनी तर आनातोल फ्रान्सची हीच कादंबरी हिंदीत नेली आणि तिला नाव दिले ‘अहंकार’. थाईसचे नाव पुसून संन्याशाच्या दोषाचे नाव! मूळ लेखकाला हे शीर्षक आवडले असते. भगवतीचरण वर्मांच्या ‘चित्रलेखा’ची तुलनाही नेहमी ‘थाईस’शी होते. पण मला तालमींच्या काळात सारखी आठवत होती ती आपली कान्होपात्रा. मंगळवेढ्याची, नायकिणीची मुलगी. १९३१ मध्ये गंधर्व मंडळींनी तिच्यावरचे नाटक केले. तिच्या कथेत तिला उपदेश करून काढून नेणारा कोणी अथानाएल नाही. वारकरी दिंडी घेऊन दारावरून गेले, तिने त्यांना विचारले आणि ती त्यांच्या मागे पंढरपूरला गेली. बिदरच्या बादशहाचे लोक तिला न्यायला आले तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशीच देह ठेवला. तिच्या ‘हो’चा मालक तिच्याशिवाय कोणी नाही. कोणा वारकऱ्याने पुढे आपण कान्होपात्रेचा उद्धार केला असे सांगितल्याचे ऐकिवात नाही.

ऑपेराचा शेवट फार कठोर आहे. अथानाएल वाळवंटात परतला आहे, पण त्याला जेवण जात नाही, झोप नाही. पालेमोंपुढे तो कबूल करतो की डोळ्यांपुढून थाईस हलत नाही. पालेमों मी सांगितले होते एवढेच म्हणतात. स्वप्नात त्याला कळते की ती मरते आहे. तो वादळातून धावत मठात पोचतो. तीन महिने तिने प्रार्थना आणि जागरणे करून देह झिजवला आहे. तो तिच्याजवळ बसून सांगतो : मी खोटे बोललो, स्वर्ग वगैरे काही नाही, खरे आहे ते हे जगणे आणि माणसाचे माणसावरचे प्रेम, मला तू हवी आहेस, मरू नकोस. तिला यातले काही ऐकूच येत नाही. ती त्याला प्रवासाची, पाण्याची, हिरवळीची आठवण देते. त्याने दाखवलेल्या वाटेबद्दल कृतज्ञ आहे. तिच्यापुढे स्वर्ग उघडला आहे. आणि वाद्यवृंदात तेच ‘ध्यान’ पुन्हा सुरू होते, ज्याच्या वेळी तो बाहेर झोपला होता. या वेळी तो जागा आहे, तिच्या उशाशी आहे. आणि तरीही बाहेरच.

दिग्दर्शकांची खरी परीक्षा इथे. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या २००८ च्या प्रयोगाचे चित्रमुद्रण मी पाहिले आहे. दिग्दर्शक जॉन कॉक्स, थाईस रेने फ्लेमिंग, अथानाएल थॉमस हॅम्पसन. तिथे मरणारी थाईस देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी उच्चासनावर बसवली आहे. कल्पना मोठी, कारण त्याने तिची मूर्तीच केली होती. पण मला ते थोडे थंड वाटले. फ्लेमिंगच्या वस्त्रांकडे लक्ष जाते, हा तोच १८९४ चा जुना पेच. व्हायोलिन वाजवणाऱ्या डेव्हिड चॅन या वादकाला मात्र त्यांनी पडद्यापुढे आणून नमस्कार करायला लावले, ते योग्य झाले. त्या रात्रीची अर्धी थाईस तोच होता.

आमच्याकडे उच्चासन नव्हतेच. खादीच्या चादरीवर ती मुलगी बसली होती, मुलगा तिच्याजवळ गुडघ्यांवर. शेवटचा प्रवेश आम्ही व्हायोलिनवरच केला. मी दोघांना एवढेच सांगितले होते की एकमेकांचे ऐकू नका. प्रयोगाच्या वेळी मुलगा तिच्या तोंडाकडे बघून बोलत होता, विनवत होता, त्याचा आवाज फुटला. आणि ती हसतमुखाने हॉलच्या दाराकडे पाहत होती. इतक्या सहज, की दोन-तीन प्रेक्षकांनी मान वळवून दारात कोण आले ते पाहिले. माझे सहकारी तिसऱ्या रांगेत होते. नंतर ते जवळ आले, जरा थांबले आणि म्हणाले, “मुलगा चांगला होता.” मुलीविषयी ते काही बोलले नाहीत, मला वाटते, त्यांनाही मुलाचाच विचार पडला होता.

त्या दिवाळीत शिक्षिकेचा नेहमीप्रमाणे फोन आला. फराळ, पाऊस, तिची मुले, शाळेची पटसंख्या, सगळे बोलून झाले. मग मी विचारले, “एक सांगशील? तेव्हा तू आधी नाही म्हणालीस, मग आपण होऊन आलीस. मधे काय झालं होतं?”

ती हसली. म्हणाली, “मॅडम, तुम्हाला सांगितलंच नाही ना कधी? मी तेव्हा फार कंटाळले होते. रोज तीच दहा गाणी, तोच धूर, तेच लोक. तुम्ही नसता आलात तरी त्या वर्षी सोडणारच होते. पण तुम्ही इतक्या कळकळीनं मागे लागला होतात, म्हटलं, मॅडमना तरी बरं वाटू दे.”

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हटले, “पण तुझा आवाज गं. गाणं सोडलंस त्याचं वाईट वाटतं मला.”

“गाणं कुठं सोडलं?” ती म्हणाली. “ऑर्केस्ट्रा सोडला. सगळ्या कविता चालीवर घेते मी. पहिली ते चौथी, सगळं पोरांना पाठ आहे. तुम्हाला कोणी सांगितलं मी गाणं सोडलं म्हणून?”

मी म्हटले, “कोणी नाही.”